मामाचा मुकुट राखणारा भाचा

गुहेत हताश बसलेला स्कॉटलंडचा राजा ब्रूस आणि पुन्हा पुन्हा धागा टाकणारा कोळी ही गोष्ट आपल्याकडे शाळेतच कानावर पडते. ती ब्रूसच्या काळातली नव्हे. लोकांत रुजवली ती एकोणिसाव्या शतकात लेखक वॉल्टर स्कॉटने. खऱ्या ब्रूसला तारलं माणसांनी, आणि त्यांत त्याचा भाचा थॉमस रँडॉल्फ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हा भाचा एकेकाळी शत्रूच्या गोटात होता. जून १३०६मध्ये मेथ्वेनच्या लढाईत इंग्रजांपुढे ब्रूसची दाणादाण उडाली, रँडॉल्फ त्यांच्या हाती लागला आणि जीव वाचवण्यासाठी त्यांना शरण गेला. दोन वर्षांनी ब्रूसचा सरदार जेम्स डग्लस याने त्याला पकडून ब्रूसपुढे उभं केलं, तर माफी मागायची सोडून त्याने मामालाच सुनावलं: दबा धरून हल्ले कसले करता, राजे असाल तर मैदानात लढा! कवी जॉन बार्बरने सुमारे १३७५ साली लिहिलेल्या ‘द ब्रूस’ या काव्यात हा प्रसंग येतो. ब्रूसने त्याला कैदेत टाकलं. पण पुढे रँडॉल्फचं मन वळलं ते कायमचं, आणि १३१२ साली राजाने त्याला मरे परगण्याचा अर्ल केलं.

ज्या गनिमी काव्याला त्याने नावं ठेवली, त्यातच तो तरबेज झाला. एडिंबराचा किल्ला काळ्या कातळावर, तिन्ही बाजूंनी तुटलेला. विल्यम फ्रान्सिस नावाच्या माणसाला वर चढायची एक चोरवाट ठाऊक होती. तरुणपणी रात्री गावातल्या प्रेयसीला भेटायला तो तिथूनच उतरत असे. १४ मार्च १३१४च्या रात्री रँडॉल्फ तीस माणसं घेऊन त्याच्यामागे चढला. अर्ध्यावर दम खाल्ला, तटाला शिडी लावली आणि किल्ला घेतला. तो पुन्हा इंग्रजांच्या कामी येऊ नये म्हणून ब्रूसने त्याची तटबंदी पाडून टाकली. जूनमध्ये बॅनकबर्नच्या लढाईत तर रँडॉल्फच्या भालाईतांनी इंग्रज सरदार क्लिफर्डच्या घोडदळाला उघड्या मैदानात हटवलं.

तरी त्याची खरी कर्तबगारी मी अव्हिन्योंची, पोपच्या दरबारातली मानतो. ब्रूसने चर्चमध्ये प्रतिस्पर्धी कॉमिनचा खून केला होता, म्हणून पोपने त्याला धर्मबहिष्कृत केलेलं. १३१७मध्ये पोपच्या दूतांनी आणलेली पत्रं ब्रूसने फोडलीच नाहीत, कारण त्यांवर ‘राजा’ हा किताब नव्हता. रँडॉल्फ पोप बाविसावे जॉन यांच्यापुढे गेला तो थेट मागणी घेऊन नव्हे. आधी धर्मयुद्धावर जाण्याची इच्छा बोलून दाखवली, मग स्कॉटिश वकिलांना सुरक्षित वाट मागितली, आणि शेवटी हळूच सुचवलं की ब्रूसला राजा म्हणून पत्र लिहिलं तर तो ते स्वीकारील. पोपने मान्य केलं! जानेवारी १३२४मध्ये त्यांना इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डला पत्र लिहून याचा खुलासा करावा लागला. फ्रान्सशी १३२६ साली झालेल्या कॉर्बेईच्या तहाच्या वाटाघाटींतही रँडॉल्फ होता.

१३२९मध्ये ब्रूस वारला. गादीवर पाच वर्षांचा डेव्हिड. कारभार रँडॉल्फकडे आला. स्कॉटलंडच्या गादीवर हक्क सांगणारा एडवर्ड बॅलियल आणि जमिनी गमावलेले उमराव इंग्लंडातून चाल करून येण्याच्या बेतात असतानाच, २० जुलै १३३२ रोजी मसलबरा इथे रँडॉल्फने प्राण सोडला. त्याच्या जागी मार परगण्याचा अर्ल आला. ११ ऑगस्टला डप्लिन मूरवर त्याची मोठी फौज बॅलियलच्या लहानशा सैन्यापुढे चेंगरून गेली, आणि नवा कारभारीही तिथेच पडला.