‘सहा महिन्यांत नर्स’ होता येते का?

बारावीचा निकाल लागला की एसटी स्थानकाबाहेरच्या भिंतींवर आणि मोबाइलवर जाहिराती दिसू लागतात : ‘सहा महिन्यांत नर्सिंग कोर्स, शासनमान्य प्रमाणपत्र, नोकरीची हमी.’ नंदुरबारसारख्या जिल्ह्यात अशा जाहिरातीकडे लक्ष जाते, यात नवल नाही. इथली जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याच्या अनेक घरांत बारावी झालेली मुलगी ही त्या घरातली पहिलीच. निम्मे वर्ष ऊसतोडीसाठी गुजरातेत काढणाऱ्या आईबापांना तीन वर्षे शिकवणे लांबचे वाटते, सहा महिने आवाक्यातले वाटतात. मग चांदीचे दागिने गहाण पडतात आणि फीचा पहिला हप्ता भरला जातो.

हप्ता भरण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा. कोर्स किती महिन्यांचा, हा तो प्रश्न नव्हे. कोर्स संपल्यावर मुलीचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत चढणार का, हे विचारायचे. कायद्याने परिचारिका ठरते ती या नोंदणीमुळे. सरकारी भरतीत ‘एएनएम’ किंवा स्टाफ नर्सच्या पदासाठी अर्ज करताना हीच नोंदणी मागतात. आणि ती मिळते मोजक्या अभ्यासक्रमांनंतर : एएनएम दोन वर्षे, जीएनएम तीन वर्षे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षे. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा कोणताही कोर्स या यादीत नाही.

जाहिरातीतला ‘शासनमान्य’ हा शब्द इथे फसवा ठरतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, भिंतीवर आयएसओचे प्रमाणपत्र असते. दोन्ही खरे असू शकते. पण त्यातून अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. एएनएम, जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर बी.एस्सी.ची नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. परीक्षा कोण घेणार, याचे उत्तर ‘आमची संस्थाच’ असे आले, तर तो कोर्स परिचारिकेचा नाही, हे लगेच समजावे.

आणखी एक गैरसमज अशा केंद्रांच्या पथ्यावर पडतो. ‘सायन्स नाही, मग नर्सिंग कसले?’ असे समजून कला शाखेच्या मुली छोट्या कोर्सकडे वळतात. सायन्सची अट बी.एस्सी.ला आहे. एएनएम आणि जीएनएमचे दार कला शाखेतून बारावी झालेल्या मुलींनाही उघडे आहे. जीएनएमसाठी बारावीत इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. ही साधी माहिती गावपातळीवर पोचलेली नसते. पुढे जीएनएम झालेल्या मुलीला दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळवता येते.

पण एवढी वर्षे लागतातच कशाला? डोंगराळ आणि आदिवासी भागात साधारण ३,००० लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असते. तिथे रात्री प्रसूतीची वेळ आली, तर नर्सबाईच सारे पाहते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने धडधाकट बाईही काही तासांत दगावू शकते. म्हणून बाळ जन्मल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे, गर्भाशय आकसले की नाही ते हाताने तपासायचे, रक्त किती गेले याचा अंदाज घ्यायचा आणि गाडी कधी बोलवायची ते ठरवायचे. त्याच मिनिटात बाळ श्वास घेत नसेल, तर त्याच्याकडेही वळायचे. हे वहीतून येत नाही. खऱ्या प्रसूती, जाणत्या सिस्टरच्या नजरेखाली, पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. सिकलसेलचेही तसेच. भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार आढळतो. सिकलसेलच्या मुलाचा ताप किंवा छातीतले दुखणे साधे समजून घरी पाठवले, तर जिवावर बेतते. अशा घरची बोली जाणणारी परिचारिका इथे हवीच, पण ती पुरती शिकलेली हवी.

शिक्षणाने पडणारा फरक मोजलाही गेला आहे. युरोपातील नऊ देशांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापला. ज्या रुग्णालयांत पदवीधर परिचारिका १० टक्क्यांनी जास्त, तिथे ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली.

अमेरिकेत वर्ष-दीड वर्षाचे ‘वेगवान’ नर्सिंग अभ्यासक्रम आहेत, हे खरे. ते दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्यांसाठी असतात आणि नंतर परवाना परीक्षा सुटत नाही. तिथेही फसवणूक झालीच : फ्लोरिडातील तीन संस्थांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्याचे प्रकरण जानेवारी २०२३ मध्ये उघड झाले.

पूर्ण मुदतीचा कोर्स घेतला म्हणजे निश्चिंत, असेही नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने ३०८ नर्सिंग महाविद्यालये तपासली. १६९ योग्य ठरली, ७३ मध्ये त्रुटी निघाल्या आणि ६६ अयोग्य ठरली. पुढे मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्यांपैकीच काही जणांना लाचेच्या आरोपावरून अटक झाली! तेव्हा कागदावर विसंबू नये. कामाच्या दिवशी सकाळी संस्थेत जावे. मुली कोणत्या रुग्णालयात प्रात्यक्षिकाला जातात ते विचारून तिथेही डोकावावे. खाटांवर रुग्ण आहेत का, विद्यार्थिनी खरोखर काम करताना दिसतात का, ते पाहावे. ‘परराज्यात प्रवेश घेऊ, फक्त परीक्षेला या’ असे सांगणाऱ्या दलालाला मूळ गुणपत्रिका मुळीच देऊ नये.

छोटे कोर्स सगळेच वाईट नाहीत. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’, म्हणजे रुग्णसहायक, हे प्रामाणिक काम आहे. रुग्णाला उठवणे-बसवणे, अंघोळ घालणे, घरी वृद्धांची काळजी घेणे, यासाठी सुरत, नाशिक, पुण्यात माणसे हवीच असतात. पंचविशी-तिशीतल्या, लेकरे पदरी असलेल्या बाईला लगेच पगार हवा असेल, तर ही वाट शहाणपणाची ठरू शकते. मात्र तिला ‘नर्स’ म्हणून विकू नये, आणि इंजेक्शन, सलाइन तिच्या हाती देऊ नये. शिवाय असे प्रशिक्षण सरकारी कौशल्य योजनांतून फुकटही मिळते. त्यासाठी दागिने गहाण टाकण्याचे कारण नाही.

पैशाची अडचण खरी आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात रीतसर प्रवेश मिळाला, तर अनुसूचित जमातीच्या पात्र मुलींना महाडीबीटीवरून भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहेही आहेत. नंदुरबार आणि तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत याची चौकशी फी भरण्यापूर्वीच करावी. खासगी केंद्राच्या सहा महिन्यांच्या कोर्सला यातले काही लागू होईल, या भरवशावर राहू नये.

यंदाचा प्रवेश हुकला, तरी घाईने भलतीकडे पैसे भरू नयेत. एएनएम, जीएनएमसाठी वयाची मर्यादा ३५ वर्षांची आहे. सतरा-अठराव्या वर्षी एक वर्ष थांबून पुढच्या फेरीला अर्ज करता येतो, आणि मधल्या काळात इंग्रजी थोडे पक्के करता येते.