पनवेलचा ससा आणि वरातीतली नागीण

वरातीत नागीण डान्स केलाय ना? रुमालाचं एक टोक दातात, दुसरं हातात आणि गुडघे थेट मातीत. पाटोद्यात यातून सुटलेला पोरगा सापडणं अवघड. पण ज्या सुरावर तुम्ही लोळलात, तो मुळात पुंगीचा नाहीच. 1954 च्या 'नागिन' सिनेमात हेमंतकुमारांच्या संगीतासाठी ती बीन क्लॅव्हायोलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डवर वाजवली गेली. वाजवणारे कल्याणजी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतले. सोबत हार्मोनियमवर रवी. हा क्लॅव्हायोलिन म्हणजे आजच्या सिंथेसायझरचा थोरला चुलता.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण आता ज्या अल्बमबद्दल सांगणार आहे तो ऐकल्यावर 'हे आपलं नाही राव' असं तुम्ही पहिल्या मिनिटाला म्हणू शकता.

पनवेलमध्ये मेड्युसा नावाचा एक रॉक बँड होता. पनवेल म्हणजे मुंबई नव्हे, मुंबईला जायची गाडी जिथून जाते ते गाव! गिटार वाजवता वाजवता या पोरांच्या गाण्यांत सिंथ शिरला आणि आवाज इतका बदलला की त्यांनी नावही बदललं. स्काय रॅबिट. आकाशातला ससा. 2012 मध्ये याच नावाचा त्यांचा अल्बम आला. गाणी इंग्रजीत आहेत, पण त्यांच्या एका गाण्याचं नाव 'अँटी-कोक गणपती' आहे, त्यामुळे पोरं कुठली हे लपत नाही.

अल्बममध्ये गिटार आहे, पण ती मिरवत नाही. सोलो, डोकं हलवणं, काही नाही. सिंथचे सूर धुक्यासारखे पसरतात, गिटार त्यातून डोकावते आणि गायक रक्षित तिवारी घाई न करता गातो. ड्रम मात्र माणूस वाजवतोय हे कळतं, आणि माझ्या मते अल्बम तिथेच तरतो. नाहीतर सगळं गारेगार झालं असतं. एकदोन ठिकाणी गाणं उगाच रेंगाळतं, हेही खरं.

सिंथ आणि आपल्या बँडवाल्याचा कीबोर्ड यात फरक काय? साध्या कीबोर्डमध्ये बासरी, सनई, व्हायोलिन असे आवाज आधीच भरलेले असतात. बटण दाबा, वाजवा. सिंथमध्ये आवाज तुम्हीच घडवता. आत विजेची एक लाट तयार होते, ती कच्चा सूर. मग ती फिल्टरमधून जाते. पीठ चाळतो तसं, काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते तुमच्या हातात. शेवटी तो सूर दाणकन यावा की हळूहळू उमलावा, हेही तुम्हीच ठरवायचं. कीबोर्डच्या डाव्या बाजूला एक छोटं चाक असतं, ते ढकललं की सूर वाकतो. टेम्पोवरची नागीण वळवळते ती या चाकामुळे.

रॉकवाल्यांना मात्र हे यंत्र पचायला वेळ लागला. गिटार खाली ठेवली की फॅन लोक म्हणतात, 'गेले हे.' रेडिओहेडचा 'किड ए' 2000 मध्ये आला तेव्हा असंच झालं, गिटारची वाट बघणारे चिडले. मुंबईच्या पेंटाग्रामनेही हा रस्ता धरला. विशाल-शेखरमधला विशाल ददलानी यांचा गायक. 1996 चा पहिला अल्बम दणदणीत रॉक, तर 2002 च्या 'अप'मध्ये इलेक्ट्रॉनिक आवाजांची गर्दी. हाच बँड 2005 मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आला. आणि त्याही आधी, 1982 मध्ये, मुंबईच्याच चरणजित सिंग यांनी सिंथ आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. तेव्हा ती चालली नाही. 2010 मध्ये परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा जग थक्क झालं.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. पाटोद्यात चौघांनी रॉक बँड काढायचा म्हटलं तर ड्रमसेट ठेवणार कुठे? शेजारचे काका दुसऱ्या दिवशी दारात. ॲम्प घ्यायचा तर पैसे, आणि पैसे जमले तर लाइट जाते. सिंथला यातलं काही लागत नाही. बँडलॅबसारखं फुकट ॲप मोबाईलवर चालतं आणि इयरफोन लावून रात्री दोनलाही गाणं करता येतं. घरच्यांना वाटतं पोरगं एमपीएससीची लेक्चर ऐकतंय.

पण यात एक गोची आहे. एकट्याला सगळं जमायला लागलं की बँड लागतच नाही. रक्षितनेही पुढे 'युअर चिन' या नावाने एकट्याने गाणी केली. ती चांगली आहेत, पण त्यात तो ड्रमवाला नाही, 'हे नको, परत घे' म्हणणारं कुणी नाही. स्काय रॅबिटचा अल्बम मला जास्त आवडतो तो त्या ओढाताणीमुळे. यंत्र एका बाजूला खेचतंय आणि माणसं दुसऱ्या. म्हणून ॲप उघडा, पण वर्गातला ऑक्टोपॅड वाजवणारा पोरगा आणि भजनात पेटी धरणारी पोरगीही सोबत घ्या. ताल आणि सूर त्यांच्या हातात आहे, ॲपमध्ये नाही.

आणि हो, हा अल्बम मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे सूर येतच नाहीत, आणि अर्धा ससा तिथेच लपलाय.