गाडी कुठे आहे ते कळते, पण चालक झोपला का?

आपल्या वस्तीत, नात्यागोत्यात एखादा तरी ट्रकचालक असतोच. कुणाचा भाऊ, कुणाचा जावई, कुणाचा मुलगा. तो खेपेवर गेला की घरच्या बाईचा जीव फोनकडे लागलेला असतो. "कुठवर पोचलात?" हा एकच प्रश्न ती दिवसातून चार वेळा विचारते. हाच प्रश्न गाडीचा मालक विचारतो, माल मागवणारा व्यापारीही विचारतो. आता तर विचारण्याचीही गरज उरलेली नाही. गाडीत बसवलेले जी.पी.एस. यंत्र मालकाच्या मोबाईलवर सारे दाखवते: गाडी कोणत्या गावाजवळ आहे, किती वेगाने चालली आहे, किती मिनिटे उभी आहे. पण "काल झोप झाली का?" हे मात्र कुणीच विचारत नाही. वाचकहो, आजचा लेख या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आम्ही कारकुनी पेशाचे. काही वर्षे आम्ही एका ट्रान्सपोर्ट कचेरीत हिशेबाचे काम केले. बिल्टी बनवणे, डिझेलचा खर्च मांडणे आणि गाडी किती वाजता पोचेल ती वेळ रजिस्टरमध्ये लिहिणे, हे आमच्याकडे असे. वेळ काढणे सोपे होते. मोबाईलवर दोन गावांची नावे टाकायची, जो आकडा येईल त्यात दोन-तीन तास मिळवायचे आणि लिहून टाकायचे.

एकदा भिवंडीहून नागपूरची खेप होती. चालक पहाटे सहापासून गोदामाच्या रांगेत उभा होता. माल भरून, ताडपत्री बांधून निघायला रात्रीचे नऊ वाजले. आम्ही नेहमीप्रमाणे रात्री नऊपासून तास मोजले आणि वेळ लिहिली. पहाटे चारच्या सुमारास, धुळ्याच्या अलीकडे, गाडी रस्ता सोडून चारीत गेली. माणूस वाचला, पण पाय मोडला आणि सात महिने घरी बसला. रजिस्टरमध्ये "चालकाच्या चुकीमुळे" असा शेरा पडला. तो शेराही आमच्याच हस्ताक्षरात आहे. त्या चालकाला जागे होऊन बावीस तास झाले होते, हे गणित आम्ही नंतर घरी बसून केले. आधी करायला हवे होते.

मोबाईलचा हिशेब

मोबाईल खोटे बोलत नाही. त्याला जे विचारले तेवढेच तो सांगतो. पण त्याचा हिशेब मुख्यत्वे मोटारगाडीचा असतो, सोळा-वीस टन माल भरलेल्या ट्रकचा नव्हे. समृद्धी महामार्गाचेच उदाहरण घ्या. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला. मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे, मालट्रकला ८० ची. म्हणजे ट्रक कुठेही न थांबता, एका क्षणासाठीही वेग न घटवता गेला, तरी पावणेनऊ तास लागतील. त्यात जेवण नाही, लघवीला थांबणे नाही, टायर पाहणे नाही. आणि निघण्याआधी गोदामात गेलेला अख्खा दिवस तर कुठल्याच हिशेबात नाही.

गंमत पाहा. याच प्रवासासाठी सरकारचे ई-वे बिल चार दिवस चालते, कारण १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. कागदाला चार दिवस मिळतात, माणसाला मात्र एक रात्र!

अनुभवाचे शहाणपण

त्या कचेरीत एक जुने चालक होते. सगळे त्यांना मामा म्हणत. आम्ही वेळ लिहून दिली की ते हसून म्हणायचे, "साहेब, हा आकडा गाडीचा झाला. माणसाचा कुठे आहे?" मामा प्रवास उलट्या बाजूने मोजायचे. ज्या शहरात माल उतरवायचा, तिथे अवजड वाहनांना प्रवेशबंदी किती वाजता उठते, हे ते आधी पाहत. पहाटे धावपळ करून वेशीवर पोचायचे आणि दुपारपर्यंत उन्हात उभे राहायचे, यापेक्षा वाटेत चार तास आडवे व्हावे, हा त्यांचा हिशेब. रात्री दोन ते पाच या वेळात ते सहसा गाडी चालवत नसत. ही वेळ वैऱ्याची, असे ते म्हणत. शास्त्रही तेच सांगते. शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीनंतरचे ते तास आणि दुपारी दोन ते चारचा काळ झोपेचा जोर वाढवणारा असतो.

मुक्कामाचा ढाबाही ते नकाशावरून निवडत नसत. जिथे वीस-पंचवीस गाड्या लागलेल्या असतात, रात्रभर दिवा जळतो आणि डिझेल चोरीला जात नाही, तिथेच खरी झोप लागते. नाहीतर केबिनमध्ये पडायचे आणि एक डोळा टाकीवर ठेवायचा, याला विश्रांती म्हणत नाहीत. उतरताना हातोडीने प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकायचा. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा. असे हे न लिहिलेले पुस्तक होते.

अनुभवही चुकतो

पण बंधूंनो, अनुभव म्हणजे नेहमीच शहाणपण असे नाही. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली चूकही अनुभव म्हणूनच मिरवते. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय त्यातलीच. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता अशा अपघातांसाठी बदनाम आहे. तिथे २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. इंजिन बंद केले तर ब्रेकची हवाही भरत नाही.

दुसरा गैरसमज त्याहून घातक आहे: "मला झोप येत नाही, मला सवय आहे." चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी झोप हटत नाही, फक्त थोडी पुढे ढकलली जाते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की, सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्या कायद्यात मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूला स्पर्शही न केलेला आपला भाऊ सतरा तासांच्या जागरणाने दारू प्यायलेल्यासारखाच होतो, आणि ते तपासणारी नळी पोलिसांकडे नाही. ताशी ८० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला, तर गाडी जवळजवळ नव्वद मीटर आंधळी धावते.

नव्या रस्त्यावर जुना अनुभव अपुराही पडतो. जुन्या वाटेवर कसाऱ्याचा घाट, गावे, बाजार, खड्डे माणसाला जागे ठेवत. सरळसोट, एकसुरी महामार्गावर डोळे उघडे असूनही भान हरपते. तिथे "झोप आली की थांबू" असे चालत नाही. थांबायचे ठिकाण निघण्याआधीच ठरलेले हवे.

कायदा काय सांगतो

कामाच्या तासांचा प्रश्न आपल्याला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असतानाच, १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कारखान्याला भोंगा असतो, दार असते. रस्त्याला दोन्ही नाही. म्हणून मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली वेगळा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुट्टी. लांब पल्ल्याला परवानगीने दहा तास. पुढे २०२० च्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. तिथेही आठ तासांचे माप कायम आहे.

कायदा चांगला होता, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक आणि त्याचा चालक बाहेरच राहिले. परिणाम काय झाला? सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी सुमारे बारा तास गाडी चालवत असल्याचे दिसले. थकवा किंवा झोप आली तरी आपण गाडी चालवतो, असे जवळपास निम्म्यांनी सांगितले.

यंत्र कुणाच्या बाजूने?

मग यंत्रच शिपाई करावे का? युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे थांबावेच लागते आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून अशी इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. पण तिथल्या अभ्यासात दिसले की तास पाळले गेले, तरी अपघात घटल्याचे दिसले नाही. उलट छोट्या कंपन्यांचे चालक गाडी अधिक वेगाने हाकू लागले. कारण उघड आहे. गोदामात तास वाया गेले, तरी घड्याळ थांबत नाही. मग माणूस ते तास रस्त्यावर भरून काढतो.

आपल्याकडे २०१४ साली स्थापन झालेल्या रिविगो कंपनीने वेगळा प्रयोग केला. एका चालकाने चार-पाच तास गाडी न्यायची, पुढच्या ठाण्यावर दुसऱ्याच्या हवाली करायची आणि दुसरी गाडी घेऊन घरी परतायचे. कोणती गाडी कधी ठाण्यावर येईल, हे यंत्राशिवाय जमलेच नसते. इथे यंत्र माणसाला घरी पोचवण्यासाठी राबले.

तात्पर्य हे की, दोष यंत्राचा नाही. जे यंत्र "गाडी का उभी आहे?" असे विचारायला लावते, तेच यंत्र "गाडी किती तास सलग चालली?" हेही सांगते. मालक पहिलाच प्रश्न विचारतो, कारण दुसऱ्याचे उत्तर त्याला अडचणीचे असते. आमच्यासारख्या कारकुनांनीही वेळ लिहिताना चालक कधीपासून जागा आहे, हे आधी विचारावे. मोबाईलने रस्ता सांगावा, कोंडी सांगावी. पण कुठे थांबायचे आणि आता चालवायचे की नाही, हा शेवटचा शब्द चालकाचाच असावा. त्या शब्दाबद्दल त्याची मजुरी कापली जाऊ नये.

घरच्यांनी काय करावे?

भगिनींनो, यातले बरेचसे आपल्या हाती नाही. पण थोडे आहे.

१. गाडी चालू असताना फोन करू नका. थांबण्याची वेळ आधी ठरवा आणि तेव्हाच बोला. "कुठवर पोचलात?" याऐवजी "जेवलात का? झोपलात का?" असे विचारा.

२. तो घरी आला की पहिली झोप होऊ द्या. खोलीत अंधार करा, मुलांना बाहेर खेळायला पाठवा. लग्न, बारसे, सामानाच्या पिशव्या नंतर. पुढच्या खेपेची तयारी घरातल्या झोपेपासून सुरू होते.

३. एक साधी वही करा. खेपेला किती वाजता निघाला, त्याआधी किती तास झोपला, वाटेत कुठे थांबला, हे रोज फोनवर विचारून लिहा. उद्या काही घडले आणि "चालकाची चूक" असा शेरा पडला, तर ही वही बोलेल.

४. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंगणे ही चेष्टेची गोष्ट नाही. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. डोळे आणि साखरही तपासून घ्या.

५. उशीर झाला, खेप सुटली म्हणून त्याला टोचून बोलू नका. थांबण्याची हिंमत घरातूनच मिळते.

परवा तोच पाय मोडलेला चालक आम्हाला बाजारात भेटला. पुन्हा गाडीवर जातो. थोडा लंगडतो. आम्ही विचारले, "आता कसे चालले आहे?" तो म्हणाला, "आता बायको वही लिहिते साहेब. झोप चार तासांच्या खाली आली की फोनवर म्हणते, गाडी लावा. मालकाचे ऐकले नाही तर मजुरी जाते, हिचे ऐकले नाही तर घरात अबोला. मग गाडी लावतो."