कणगीतले धान्य आणि कोठीतले विष

श्री भगवतीच्या छत्रछायेत वसलेल्या पार्से गावी माझे बालपण गेले. घरामागच्या परसात पावसाच्या तोंडावर सुरण, माडी आणि काटेकणगी लावली जाई. वेल पिवळे पडून सुकले की कंद खणायचे, माती झाडायची, पण धुवायचे नाहीत; सावलीत कोरड्या वाळूवर सुटे मांडून ठेवायचे. सरदाचे भात कापले की जमिनीतल्या ओलीवर आळसांदे पेरीत. भात शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत जाई आणि आळसांदे चाळलेल्या राखेत.

१९५५ साली भारत सरकारने गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले, तेव्हा पोर्तुगीज राजवटीने ब्रह्मदेशातून तांदूळ आणि हॉलंडहून बटाटे आणविले. त्या दिवसांविषयी आजी एवढेच म्हणे, “कणगी भरलेली होती, म्हणून निभावले.”

पुढे आमच्याकडेही गोणीतला तांदूळ आला आणि कणगी माळ्यावर गेली. त्याचे मला काहीच वाटले नाही. वाटले ते एका श्रावणातल्या पहाटे. उलट्या, धाप आणि खालावलेला रक्तदाब अशा अवस्थेत एका कुटुंबातील तिघांना माझ्याकडे आणण्यात आले. प्रथम मला अन्नविषबाधेचीच शंका आली. निजण्याच्या खोलीत तांदळाच्या गोणी होत्या आणि त्यांत किडीसाठी गोळ्या टाकल्या होत्या, हे फार उशिरा कळले. मोठ्या रुग्णालयात हलवूनही त्यांतले लहान मूल वाचले नाही.

आपण सारे जाणतोच की, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतील ओलावा लागताच फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेहून जड असतो आणि त्यावर उतारा नाही. बंदिस्त गोदामात, प्रशिक्षित माणसाच्या हाती वापरण्याचे ते द्रव्य. राहत्या घरात त्याला थारा नसावा. त्या संध्याकाळी घरी परतलो आणि सहज आमची कोठी पाहिली, तर फडताळात तशीच एक नळी! ती आणणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, मीच होतो.

तेव्हापासून आमच्या घरी जुनी रीत पुन्हा सुरू झाली. तिच्यामागे शास्त्र आहे. टरफल किडीला अडवते, म्हणून तांदळाऐवजी भात साठवावे आणि लागेल तसे सडून घ्यावे. दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या खाली हवा. दाताखाली दाणा कटकन तुटला पाहिजे. कडधान्याला किलोमागे चमचाभर खाद्यतेल चोळले, तर भुंग्यांची वाढ खुंटते. राख दाण्यांमधील फटी बुजवून किडीची वाट अडवते. मात्र बुरशी आलेले धान्य निवडूनही खाऊ नये. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी आलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिनमुळे यकृतदाह होऊन शंभरावर माणसे दगावली होती.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. पावसाळ्यात एकाच घरातील अनेकजण उलट्या आणि धाप घेऊन आले, तर काल काय खाल्ले एवढेच विचारून थांबू नका. धान्य कुठे ठेवता आणि त्यात काय टाकता, हेही विचारा. मी तो प्रश्न त्या पहाटे वेळेवर विचारला नाही. आज कणगी पुन्हा आमच्या माजघरात उभी आहे. तिच्यासमोरून जाताना मला आजीची आठवण येते आणि त्या मुलाचीही.