फी नंतर विचारा, आधी तास विचारा

पायलट ट्रेनिंगची जाहिरात तुम्ही पाहिली असेलच. निळं आकाश, पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि खाली ठळक अक्षरांत ‘१५ महिन्यांत कमर्शियल पायलट’. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, पायलट कमी पडले अशा बातम्या आल्या, आणि हे वारं आमच्या दुधनीपर्यंत येऊन पोचलं. दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्याचं टोक, त्यापुढे कर्नाटक. बाजारात अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी, आणि सीझनला जिकडेतिकडे तूर. माझा मामेभाऊ बारावी सायन्स झाला आणि म्हणाला, मला पायलट व्हायचंय. मामांनी मला फोन लावला. “तू इंजिनिअर होतोयस ना, मग बघून सांग कुठलं कॉलेज खरं हाय ते. रान काढावं लागंल त्यासाठी.”

रान काढायचं म्हटल्यावर विषय गमतीचा राहत नाही. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, विमानात अजून बसलेलो नाही. पण सबमिशन सांभाळून चार महिने आम्ही दोघांनी जमेल तेवढी माहिती काढली. आपल्या हॉस्टेलवरही डिग्रीनंतर पायलट व्हायचं मनात असलेले तीन-चार जण आहेत (नावं सांगत नाही, घाबरू नका), त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कशासाठी पैसे भरायचे ते पाहू. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, शाळा देत नाही. ते देतं डीजीसीए, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास १ मेडिकल, लेखी परीक्षा, रेडिओचं लायसन्स आणि २०० तास उड्डाण, अशा त्याच्या अटी. या २०० तासांतले निदान १०० तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून, म्हणजे विमान आपल्या जबाबदारीवर. त्यात २० तास क्रॉस-कंट्री, आणि त्यातलं एक उड्डाण निदान ३०० सागरी मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. ३०० सागरी मैल म्हणजे साधारण ५५५ किलोमीटर, दुधनीहून रेल्वेने मुंबई जवळपास तेवढीच पडते. शिवाय ५ तास रात्रीचं उड्डाण, आणि १० तास फक्त उपकरणांकडे बघून. या दहातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर चालतात.

म्हणजे शाळा आपल्याला विकते ते उड्डाणाचे तास. एसी क्लासरूम, स्विमिंग पूल, ब्लेझर हे सगळं वरचं. म्हणून शाळा कशी आहे हे ठरवायचं तर पहिला प्रश्न फीचा नको. पहिला प्रश्न हा की मागच्या बारा महिन्यांत तुमची सगळी विमानं मिळून किती तास उडाली, आणि आज पटावर विद्यार्थी किती?

हे दोन आकडे मिळाले की पुढचं गणित आपल्याला सेकंड इयरलाही जमतं. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये लिटलचा नियम शिकवतात तो आठवा. रांगेत असलेली माणसं भागिले दर वर्षी बाहेर पडणारी माणसं, की एकाला लागणारा वेळ निघतो. समजा, माहितीपत्रकात ८ विमानं आहेत. प्रत्यक्षात दोन मेंटेनन्सला आणि एक इंजिनाची वाट बघत हँगरमध्ये. उरली ५. चांगल्या हवेच्या महिन्यात एक विमान ७० तास उडतं असं धरू, पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३०. म्हणजे एका विमानाचे वर्षाला ५६० अधिक १२०, एकूण ६८० तास. पाच विमानांचे ३,४००. एका विद्यार्थ्याला २०० तास, म्हणजे ही शाळा वर्षाला १७ जणांनाच बाहेर काढू शकते. पटावर ६० असतील तर ६० भागिले १७, म्हणजे साडेतीन वर्षं! जाहिरातीत १५ महिने. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण ज्या शाळेत जाल तिथले आकडे यात घालून बघा. पंधरा महिन्यांचं उत्तर यायचं तर त्याच पाच विमानांवर एकवीस-बावीसच विद्यार्थी हवेत.

आणि दोन इंजिनांचं विमान वेगळं मोजायचं. बहुतेक ठिकाणी शेवटचे पंधरा-वीस तास त्याच्यावर असतात, आणि शाळेकडे तसं विमान एखादंच असतं. ते बंद पडलं की १८० तास झालेली सगळी पोरं एकाच दारात अडकतात.

विमान हँगरमध्ये का बसतं, हे आपल्या ब्रँचच्या मुलांना चटकन कळेल. ट्रेनर विमानाला दर ५० आणि १०० तासांनी तपासणी असते. महिन्याला ७० तास उडणारं विमान दर दीड महिन्याला १०० तासांच्या तपासणीला येणार. सेस्ना १७२ सारख्या विमानातल्या लायकमिंग इंजिनाचं ओव्हरहॉल साधारण २,००० तासांनी, म्हणजे वर्षाला ६८० तासांच्या हिशोबाने तिसऱ्या वर्षी. आठ विमानांच्या शाळेत सरासरी दर वर्षी दोन-तीन इंजिनं उतरणारच. मग विचारायचं, जादा इंजिन आहे का? मेंटेनन्स स्वतःचा की बाहेरचा? लायसन्सधारक इंजिनिअर किती? आम्ही एका शाळेत (नाव राहू दे) हे विचारलं, तर समुपदेशक बाईंनी आम्हाला कॅन्टीन दाखवलं. दुसऱ्या एका ठिकाणी चीफ इन्स्ट्रक्टर स्वतः हँगरमध्ये घेऊन गेले, उघडं इंजिन दाखवलं आणि म्हणाले, हे तीन आठवडे उडणार नाही. त्या दिवशी मामांना दुसरी शाळा आवडली, आणि विमानातलं त्यांना ओ की ठो कळत नाही.

तोंडी आकड्यांवर थांबू नका. पडताळा घ्यायच्या सोप्या वाटा आहेत. सीनियर विद्यार्थ्याची लॉगबुक मागा. त्याला नवस-सायास लागत नाहीत, मेसमध्ये चहा पाजला की पुरतं. पहिल्या उड्डाणाची तारीख आणि शेवटच्या उड्डाणाची तारीख बघा, मधल्या रिकाम्या जागा बघा. दोन महिने एकही नोंद नसेल तर का ते विचारा. निरनिराळ्या बॅचच्या चार-पाच जणांना भेटा, शाळेने पुढे केलेल्या एकाच टॉपरला नको. आपल्या कॉलेजबद्दल खरं काय ते प्रॉस्पेक्टसमध्ये कळतं की रात्री साडेनऊला मेसमध्ये, हे मी तुम्हाला काय सांगू.

दुसरी वाट म्हणजे चक्क जाऊन बसायचं. दुधनीहून कलबुर्गी (आमच्याकडे अजून गुलबर्गाच) रेल्वेने तासाभरावर. तिथला विमानतळ २०१९ मध्ये सुरू झाला, आणि २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने ज्या पाच ठिकाणी फ्लाइंग स्कूलसाठी जागा दिल्या त्यांत तो आहे. आपलं जळगाव आणि शेजारचं बेळगाव त्याच यादीतले. राज्यात बारामती, गोंदियाजवळ बिरसी, धुळे, शिरपूर ही नावं या धंद्यात जुनी. कुठेही असो, कुंपणाबाहेर चांगल्या हवेचे दोन दिवस सकाळपासून बसा आणि उड्डाणं मोजा. फोटो काढू नका, विमानतळावर ते चालत नाही. विमानाच्या अंगावर व्हीटीने सुरू होणारी अक्षरं असतात, ती वहीत लिहा. आठपैकी किती वेगवेगळी विमानं दोन दिवसांत हवेत गेली, ते कळतं. मामांना हा प्रकार फार पटला. मार्केट यार्डात आडत्याचं वजन पुन्हा करून बघणारा माणूस तो.

जागा आणि हवा यांचाही हिशोब आहे. प्रवासी विमानं जास्त येणाऱ्या विमानतळावर ट्रेनरला थांबावं लागतं. रात्रीचे दिवे नसतील तर रात्रीच्या ५ तासांसाठी दुसरीकडे जावं लागतं. उत्तरेत हिवाळ्याचं धुकं, कोकणाकडे पावसाळा. त्या मानाने आपला पर्जन्यछायेचा पट्टा उडायला बरा, शेतीला कसाही असो.

आता सुरक्षिततेचं. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेलं एक ट्रेनर विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. एकटीच उडत असलेली २२ वर्षांची विद्यार्थिनी थोडक्यात बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळच रेडबर्ड या संस्थेची दोन विमानं चार दिवसांत पडली, १९ तारखेला एक आणि २२ ला दुसरं. त्यानंतर डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं, आणि ते तपासणीनंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात फी भरलेल्यांचे तास तिथेच थांबले. ट्रेनिंगमध्ये अपघात होऊच नयेत असं म्हणता येत नाही, शिकणारं माणूस चुकणार. आपण बघायचं ते हे की चूक शिकणाऱ्याची होती की मेंटेनन्सची, आणि नंतर शाळेने काय बदललं. विमान अपघात तपास ब्युरोचे अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतात. ज्या शाळेत जायचं तिच्या नावाने ते शोधून वाचाच, भाषा आपल्या टेक्स्टबुकपेक्षा सोपी असते.

डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली. १०० पैकी ४० गुण कामगिरीला, २० कामकाजाला, २० सुरक्षिततेला, १० नियमपालनाला आणि १० विद्यार्थ्यांच्या सोयीला. ८५ च्या वर ए प्लस प्लस, ७० ते ८५ ए, ५० ते ७० बी, त्याखाली सी. पहिल्या यादीत ३५ शाळा होत्या. वरच्या श्रेणींत एकही आली नाही. १३ बी आणि २२ सी. आपल्या इंटर्नलसारखंच झालं की. पण याचा अर्थ सगळ्याच वाईट असा घेऊ नका, आणि बी मिळालेली आपोआप चांगली असंही नाही. श्रेणी दर सहा महिन्यांनी बदलू शकते, तेव्हा ताजी यादी बघा, आणि मग आपलं तासांचं गणित तिच्या शेजारी ठेवा. मान्यता चालू आहे की नाही, तेही डीजीसीएच्याच संकेतस्थळावर दिसतं.

पैशाकडे येतो. देशात सीपीएलचा खर्च आज साधारण ४५ ते ६० लाखांच्या घरात सांगतात, आणि नोकरीसाठी लागणारं एअरबससारख्या विमानाचं टाइप रेटिंग त्याहून वेगळं. ५० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी धरलं तर वर्षाचं व्याज साडेपाच लाख, महिन्याचं जवळपास ४६ हजार. दोन वर्षं उशीर झाला की ११ लाख नुसते व्याजात. शाळा दोन लाखांनी स्वस्त आहे म्हणून घेतली आणि तिथे दोन वर्षं जादा बसलो तर काय स्वस्त पडलं? त्यात तास मोजायलाही मुदत आहे. २०० तास अर्जाआधीच्या पाच वर्षांतले हवेत, आणि कमांडचे १५ तास शेवटच्या सहा महिन्यांतले. मध्ये मोठा खंड पडला की हात बसवायला पुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर उडावं लागतं, त्याचे पैसे आपलेच.

म्हणून सगळी फी आगाऊ देऊ नये. तासांप्रमाणे हप्ते, न उडालेल्या तासांचा परतावा किती दिवसांत, इंधनाचा दर वाढला तर कोण भरणार, १५ महिन्यांत झालं नाही तर काय, हे करारात लेखी असलं पाहिजे. बिलावर जीएसटी लावला असेल तर विचारा. सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनंतर, डीजीसीए-मान्य संस्थेच्या मान्य कोर्सला तो माफ आहे असं स्पष्ट झालेलं आहे. ५० लाखांवर १८ टक्के म्हणजे ९ लाख, ही काही किरकोळ रक्कम नाही. आणि ‘जॉब गॅरंटी’ म्हणणाऱ्याला कंपनीचं पत्र दाखवायला सांगा. २००८ च्या मंदीनंतर देशात सीपीएल हातात घेऊन घरी बसलेली हजारो मुलं होती. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा अनुभवी पायलटसुद्धा रस्त्यावर आले. आज टंचाई आहे म्हणून तुमचे २०० तास होतील त्या वर्षीही असेल, हे कोणी लिहून देणार नाही.

एक धोका वेगळाच. तास मिळत नसतील तर कागदावर तास दाखवण्याचा मोह होतो. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि खोटे उड्डाणतास यांवरून देशात पायलटांना अटक झाली होती. “एवढं ॲडजस्ट करू” असं कोणी म्हणालं तर तिथून उठायचं. त्या न उडालेल्या तासांवर उद्या आपल्या मागे दीड-दोनशे माणसं बसणार असतात.

मामांना मी शेवटी सांगितलं ते असं. रानाला आत्ता हात लावू नका. आधी मेडिकल. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास २, मग क्लास १. रंग ओळखण्यात दोष निघाला, हृदयाचं काही निघालं, तर पाच-पन्नास हजारांत विषय संपतो, पन्नास लाख वाचतात. मेडिकल झालं की डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर काढून लेखी पेपर सुरू करता येतात, त्यासाठी फ्लाइंग स्कूलमध्ये नाव असावं लागत नाही. नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के. आपल्याकडे चाळीसला पास होतो, तिकडे नाही. पेपर सुटलेला मुलगा शाळेत गेला की त्याचे तास वर्गापायी अडत नाहीत. आणि चार पेपर देताना पोराला खरंच हे करायचंय की खांद्यावरच्या पट्ट्या आवडल्यात, तेही घरच्यांना दिसतं.

मामेभावाचं क्लास २ झालं आहे, क्लास १ ची तारीख मिळायची आहे. सध्या तो दुधनीतच घरी बसून नेव्हिगेशनची गणितं सोडवतो आणि अडलं की रात्री अकराला मला फोन करतो. कोणाला या विषयावर काही विचारायचं असेल तर त्याच वेळी माझ्या रूमवर या, एकदमच होईल.