चंडोलापलीकडचा शेली

इंग्रजी कवी शेली म्हटलं की आपल्याकडे त्याची चंडोलावरची कविता आठवते आणि त्यापाठोपाठ पश्चिमेच्या वाऱ्यावरची. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हाच शेली वाचला: हळवा, आकाशात रमणारा, तिशीच्या आत बुडून गेलेला. हे चित्र खोटं नाही, अर्धं आहे. आणि ते अर्धं राहिलं त्यात रसिकांच्या आवडीइतकाच प्रकाशकांच्या धास्तीचाही हात आहे.

पर्सी बिश शेली १७९२ मध्ये ससेक्समधल्या जमीनदार घरात जन्मला. निरीश्वरवादाच्या पुस्तिकेबद्दल विचारलेल्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही म्हणून १८११ मध्ये ऑक्सफर्डने त्याला काढून टाकलं. दोनच वर्षांनी त्याने ‘क्वीन मॅब’ खासगीत छापली. परीकथेचं पांघरूण घेऊन राजे, धर्मगुरू, सावकारी व्यापार, युद्ध अशा सगळ्यांवर तिच्यात हल्ला आहे. काव्य म्हणून ती मला बोजड वाटते. पाठीमागच्या टिपांचा पसारा तर विचारू नका. पण पुढे हीच कविता चोरट्या स्वस्त आवृत्त्यांतून कामगारांच्या हाती गेली आणि मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्टांनी ती उराशी धरली.

‘अलॅस्टर’मध्ये वेगळा शेली भेटतो. काश्मीरच्या खोऱ्यात स्वप्नात दिसलेल्या प्रतिमेच्या शोधात भटकणारा आणि माणसांकडे पाठ फिरवल्यामुळे एकाकी मरणारा तरुण त्याने १८१६ मध्ये छापलेल्या या कवितेत रंगवला. ही ओढ त्याच्या प्रेमकवितांत शेवटपर्यंत आहे, आणि तिथे तो कधीकधी फार लांबण लावतो.

खरा ऐवज १८१९ चा. १६ ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर संसदीय सुधारणा मागायला जमलेल्या हजारोंवर घोडदळ घातलं गेलं. माणसं मेली, शेकडो जखमी झाली. इटलीत राहणाऱ्या शेलीला बातमी कळली आणि त्याने ‘द मास्क ऑफ ॲनार्की’ लिहून काढली. तिची चाल रस्त्यावरच्या पोवाड्यासारखी थेट आहे. सत्तेतले मंत्री मुखवटे म्हणून मिरवणुकीत चालतात आणि लोकांना सांगितलं जातं: हाताची घडी घाला, तलवारींसमोर नुसते उभे राहा. निःशस्त्र प्रतिकाराचं इतकं स्पष्ट चित्र इंग्रजी कवितेत त्याआधी मला कुठे दिसत नाही. पुढे गांधीजींनीही या कवितेचा दाखला दिला. संपादक ली हंटला मात्र खटल्याची भीती वाटली. ती छापली गेली १८३२ मध्ये, कवी जाऊन दहा वर्षं झाल्यावर.

याच शरदात, फ्लॉरेन्सजवळ आर्नोकाठच्या रानात, पश्चिमेच्या वाऱ्याची कविता सुचली. दान्तेच्या त्रिपदीवर चौदा-चौदा ओळींचे पाच खंड बांधणारा हा कारागीर वाऱ्याकडे आपले शब्द जगभर पसरवण्याची मागणी करतो. मँचेस्टर डोळ्यांपुढे ठेवलं की ही निसर्गकविता उरतच नाही. चंडोल आणि वारा दोन्ही १८२० मध्ये ‘प्रोमिथियस अनबाउंड’ या काव्यनाट्यासोबत एकाच पुस्तकात आले. पाठ्यपुस्तकांनी तेवढे दोन तुकडे कापून घेतले.

‘प्रोमिथियस’चा नायक आपल्याला छळणाऱ्याला दिलेला शाप मागे घेतो. ‘द चेन्ची’ या नाटकाची बियात्रिचे अत्याचारी बापाचा खून घडवून आणते आणि मृत्युदंडाला सामोरी जाते. सूड घ्यावा की नाही, या एकाच प्रश्नाला एकाच वर्षात अशी दोन टोकांची उत्तरं देणाऱ्याला स्वप्नाळू म्हणणं अन्याय आहे. समीक्षक मॅथ्यू आर्नल्डने तेच केलं. ‘द चेन्ची’चा जाहीर प्रयोग लंडनमध्ये व्हायला १९२२ उजाडलं.

१८२१ मध्ये कीट्सच्या मृत्यूवर त्याने ‘अडोनेस’ हे शोककाव्य लिहिलं. ८ जुलै १८२२ रोजी लिव्होर्नोहून परतताना वादळात त्याची होडी बुडाली. पत्नी मेरीने १८२४ मध्ये त्याच्या कवितांचा संग्रह काढला. सासऱ्यांनी तो मागे घ्यायला लावला. १८३९ च्या समग्र आवृत्तीत चरित्र लिहायला मनाई होती, म्हणून तिने कवितांना टिपा जोडल्या आणि त्यांतूनच नवऱ्याची हकिगत सांगितली. प्रकाशक मॉक्सनवर मात्र १८४१ मध्ये ‘क्वीन मॅब’वरून ईश्वरनिंदेचा खटला चालला आणि तो दोषी ठरला.

राष्ट्रीय कर्ज, मताधिकार आणि सैन्य यांवरचा शेलीचा दीर्घ राजकीय निबंध ‘अ फिलॉसॉफिकल व्ह्यू ऑफ रिफॉर्म’ पहिल्यांदा छापला गेला तो १९२० मध्ये.