शोकसभा नंतर, आधी आजाऱ्याच्या दारी चला!

आजारपण ही काही वर्तमानपत्रात लिहिण्याची गोष्ट नव्हे, असे आमचे आजवरचे मत होते. चळवळीच्या दैनिकात जागा असते ती अन्याय-अत्याचाराच्या बातमीला, धम्माच्या प्रश्नाला, आरक्षणाच्या लढ्याला. तेथे एका वकिलाने आपल्या खोकल्याचे रडगाणे कशाला गावे? परंतु गेल्या वर्षभरात जे भोगले आणि जे पाहिले त्याने हे मत बदलायला लावले. म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो : आम्हाला क्षयरोग झाला होता. म्हणजेच टी.बी. सहा महिने औषध घेतले, पूर्ण घेतले, आणि आज आम्ही बरे आहोत.

एवढी चार वाक्ये लिहायला आम्हाला वर्ष लागले. व्यासपीठावरून निर्भयतेच्या गोष्टी सांगणारे आम्ही, बार रूममध्ये मात्र "टायफॉईड उलटला" असे सांगत होतो. का? कारण हा रोग गरिबाचा, वस्तीतला, दाटीवाटीच्या घरातला मानला जातो. शिकून, काळा कोट घालून ज्या वस्तीतून आपण बाहेर पडलो, तिचाच शिक्का पुन्हा कपाळावर बसेल ही भीती. ही भीती खोटी होती असे म्हणवत नाही. पण ती लाजिरवाणी होती हे मात्र आता कबूल करतो.

औषधाचे म्हणाल तर ते सरकारी केंद्रात फुकट मिळते. साध्या, औषधाला दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि आमची पाचावर धारण बसली. नंतर कळले की तो एका गोळीचा रंग आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. म्हणजे गोळी आहे, पैसा थोडा का होईना आहे. मग अडते कुठे? अडते ते गोळ्या सुरू झाल्यानंतर, अंगात थोडी ताकद आल्यावर, माणूस घराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो तेव्हा.

आम्ही आजारपणाचे पहिले तीन महिने साताऱ्यात आक्काकडे काढले. पंधरा किलो वजन उतरलेले. पहिल्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि विजेच्या खांबाला धरून उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी दोन खांब. आक्का दारातून ओरडायची, "अरे, पळायचं नाही तुला, कोर्टात तारीख नाही आज!" आठवडाभराने किराणा दुकानापर्यंत, महिन्याभराने अर्धा तास. डॉक्टरांनी सांगितले होते की धाप लागली तर थांबायचे, उद्या पुन्हा निघायचे. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एका पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चार भिंतीपर्यंत चढलो आणि खाली उजाडणारे सातारा शहर पाहत बराच वेळ बसलो.

तेथे बसल्यावर एक विचार मनात आला, तो वाचकांपुढे ठेवतो. पहाटे फिरायला जाणे ही आज किती साधी गोष्ट! परंतु मराठा-पेशवे अमलात पुण्याच्या वेशीत महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर येण्यास बंदी होती, अशी नोंद आहे. कारण काय, तर त्या वेळी माणसाची सावली लांब पडते आणि ती कुणा सवर्णावर पडेल! म्हणजे आज डॉक्टर आम्हाला फिरायला ज्या वेळा सांगतात, नेमक्या त्याच वेळा आमच्या पूर्वजांना बंद होत्या. आणि हे सातारा तर बाबासाहेबांच्या बालपणाचे गाव. भीमाई येथेच गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव येथल्याच शाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला ही भावंडे रेल्वेने मसूरला उतरली, तेथून खटाव तालुक्यातील गोरेगावला बैलगाडीने निघाली. जात कळल्यावर दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्यासोबत गाडीत बसेना आणि रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे. तेव्हा रस्त्यावर मोकळेपणाने चालणे, कुणाच्या ओट्यावर बसणे, मागितल्यावर पाणी मिळणे, या गोष्टी आमच्यासाठी कधीच 'साध्या' नव्हत्या. त्या लढून मिळविलेल्या आहेत.

तथागतांनी तर चालण्याला साधनेत स्थान दिले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास सोसण्याची शक्ती येते, प्रयत्न करण्याची शक्ती येते, आरोग्य राहते, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. आणखी एक प्रसंग आहे. शेवटच्या वर्षावासात बेलुव गावी भगवान गंभीर आजारी पडले. त्यातून उठल्यावर ते विहाराबाहेर येऊन सावलीत बसले. आनंद जवळ आला, दोघे बोलले. पुढे भगवान भिक्षेसाठी पुन्हा वैशालीत गेले. आजारातून उठलेला माणूस आधी उजेडात येतो, मग जवळच्या माणसाशी बोलतो, मग गावात जातो. हा क्रम आम्ही पुस्तकात अनेकदा वाचला होता. त्याचा अर्थ खांबाला धरून उभे राहिल्यावर कळला.

आता खरी गोष्ट सांगतो. साताऱ्याहून सांगलीला परत आलो. औषध चालू होते, परंतु तपासणीत थुंकीत जंतू उरले नव्हते. लोकांत मिसळायला हरकत नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. संध्याकाळी कृष्णेच्या घाटाकडे, आयर्विन पुलापर्यंत फिरणे सुरू केले. एके दिवशी वाटेत एका जुन्या सहकाऱ्याकडे गेलो. वीस वर्षांचा स्नेह. मोर्चात, जयंतीत, विहाराच्या बांधकामात खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला माणूस. खरा आजार काय तो त्यांना कुठून तरी कळला होता. चहा आला. सगळ्यांना काचेचे कप आणि आम्हाला कागदाचा. निघताना मागे वळून पाहिले तर तो कागदी कप चिमटीत धरून बाहेर टाकला जात होता.

वाचकहो, वेगळा कप म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आमच्या आजोबांसाठी गावच्या हॉटेलाबाहेर फुटकी कपबशी कोनाड्यात ठेवलेली असे. ती त्यांनीच विसळायची आणि पुन्हा तेथेच ठेवायची. ती कपबशी आमच्या बापजाद्यांनी फोडली. आणि आज ती कागदाची होऊन, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरातून आमच्यापुढे आली!

राग आला, परंतु वकिलाला रागापेक्षा पुरावा उपयोगी पडतो. पुरावा असा की क्षयरोग कपातून, ताटातून, हस्तांदोलनातून, शेजारी बसून जेवल्याने पसरत नाही. फुप्फुसाचा क्षय झालेला, उपचार न घेतलेला रुग्ण खोकतो, शिंकतो तेव्हा जंतू हवेतून पसरतात. योग्य औषध सुरू झाले की संसर्गाची शक्यता झपाट्याने उतरते. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत तोंडावर रुमाल किंवा मास्क हवा, खिडक्या उघड्या हव्यात, घरातल्यांची तपासणी व्हायला हवी. वेगळा कप कोणालाही वाचवीत नाही, समोरच्या माणसाला तेवढा एकटा पाडतो. आणि एकटा पडलेला रुग्ण काय करतो? रोग लपवतो, केंद्रावर जायला लाजतो, औषध मध्येच सोडतो. सोडलेले औषध म्हणजे औषधाला न जुमानणारा क्षय. म्हणजे आपल्या सोवळ्याने आपणच रोग वाढवतो!

परंतु दुसऱ्याकडे बोट दाखवून लेख संपविता येत नाही. त्या रात्री झोप लागेना तेव्हा २०२१ सालची एक गोष्ट आठवली. कोरोनाची दुसरी लाट. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्या उन्हाळ्यात होरपळून निघाले होते. त्याआधी, मार्च २०२० मध्ये तेव्हाच्या इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघे बाधित निघाले, तेव्हा आजाराइतकाच तिरस्कार त्या कुटुंबाच्या वाट्याला आला. त्याविरुद्ध आम्ही तावातावाने बोललो होतो. आणि २०२१ मध्ये आमच्याच वस्तीतील एक वयोवृद्ध कार्यकर्ते कोरोनातून वाचून घरी आले, तेव्हा आम्ही काय केले? फोन केला. "काळजी घ्या, बाबा" म्हणालो. एकदा नव्हे, चारदा. परंतु मुदत उलटून गेली, महिने गेले, तरी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो नाही. पुढे एका पौर्णिमेला ते काठी टेकत विहारात आले, सर्वांत मागे बसले, वंदना संपताच कुणाशी न बोलता निघून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. वर्षभराने ते गेले आणि त्यांच्या शोकसभेत सर्वांत लांब भाषण आम्ही केले! कागदी कप आम्हीही दिला होता, फक्त तो फोनवरून दिला होता.

कायद्याचा माणूस म्हणून काही जण विचारतील, यावर कायदा नाही काय? आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एच.आय.व्ही. बाधितांशी भेदभाव करण्यास २०१७ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. हे कायदे हवेतच, त्यांचा वापरही झाला पाहिजे. परंतु कुणी कुणाच्या घरी चहाला बसावे, फिरायला निघाल्यावर कुणाला हाक मारावी, हे कोणते कलम ठरविणार? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेच्या जोडीला बंधुता मांडली. बंधुता नसेल तर पहिली दोन तत्त्वे पोलिसाच्या काठीवरच चालवावी लागतील, असा त्यांचा इशारा होता. आजाऱ्याच्या दारी जाणे हा त्या बंधुतेचाच भाग आहे.

आपली चळवळ शोकसभेत तरबेज आहे. हे बोलणे कडू लागेल, पण ते खरे आहे. याच सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी कुटुंबासोबत पायी चालत मुंबईला गेले. त्यांची शेवटची वर्षे हलाखीत आणि एकाकीपणात गेली, १८ जुलै १९६९ रोजी ते वारले. आज त्यांचे पुतळे आहेत, मिरवणुका आहेत. जिवंत, थकलेल्या अण्णा भाऊंच्या दारी किती जण जात होते, हा प्रश्न प्रत्येक १ ऑगस्टला स्वतःला विचारण्यासारखा आहे. आणि भगवंतांनी तर स्वतः उदाहरण घालून दिले. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला भिक्खू दिसला, दुसरे कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन बिछान्यावर ठेवले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्यांचा उपदेश. बाबासाहेबांनी ही कथा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये आवर्जून घेतली, ती काय केवळ वाचनासाठी?

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक शाखेत एक वही ठेवा. वस्तीत कोण आजारातून उठते आहे, त्यांची परवानगी घेऊन नाव लिहा. क्षय असो, पक्षाघात असो, हृदयाची शस्त्रक्रिया असो, की मनाचा आजार असो. दोघांनी जबाबदारी घ्यावी : आठवड्यातून तीन दिवस त्यांच्यासोबत त्यांना झेपेल तेवढे चालायचे. त्यांच्या पावलाने चालायचे, आपल्या नव्हे. "काय झालं होतं?" ही चौकशी शंभरदा करायची नाही, वस्तीतली बातमी सांगायची, त्यांचे मत विचारायचे. बैठकीला बोलवायचे, पण दोन तास बसवून ठेवायचे नाही. छोटे काम द्यायचे. बायाबापड्यांकडे विशेष लक्ष द्यायचे, कारण पुरुषाचा आजार गावाला कळतो आणि बाईचा चुलीमागे दडपला जातो, टी.बी. झालेल्या कित्येक सुनांना माहेरी धाडले जाते आणि त्या परत आणल्या जात नाहीत. या कामाला पावतीपुस्तक लागत नाही, मंडप लागत नाही. पाय लागतात.

शेवटी त्या सहकाऱ्यांविषयी. हा मजकूर छापायला देण्याआधी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि सगळे समोर बसून सांगितले. कपाचे सांगितले, आमच्या फोनचेही सांगितले. ते बराच वेळ खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्या थोरल्या भावाला हाच आजार होता. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, गेला. घरात लहान नातू आहे, म्हणून भ्यालो." भीती होती, दुष्टावा नव्हता. आणि भीतीवर बोलण्याखेरीज दुसरे औषध नाही. त्या दिवशी चहा काचेच्या कपात आला. चहा झाल्यावर ते चपला घालून आमच्याबरोबर निघाले आणि आयर्विन पुलापर्यंत सोबत चालले.

आता ते रोज येतात. उद्या आम्ही दोघे मिळून आमच्या वहीतल्या पहिल्या नावाच्या दारी जाणार आहोत. तुमच्या वस्तीतले पहिले नाव कोणाचे, ते तुम्ही शोधा. जयभीम!